घाटातल्या वळणावरचे फोटो

संपादक महोदय,

मी साताऱ्याचा, निवृत्त एसटी चालक. बामणोलीची गाडी बरीच वर्षं चालवली. सप्टेंबरात कासची फुलं बघायला माणसं येतात, खुशाल यावीत. पण यवतेश्वर घाटात ऐन वळणावर गाडी लावून, दार सताड उघडं टाकून फोटो? परवा समोरची एसटी अशीच अडकली. चालक बिचारा नुसता हॉर्न वाजवतोय. शेवटी आम्ही माघारी फिरलो, बोगद्यातून सज्जनगडच्या रस्त्याला लागलो आणि ठोसेघर, चाळकेवाडी केलं. धुक्यात पवनचक्कीची घरघर ऐकू येई, पातं मात्र दिसेना. कणसाला तिखटमीठ जरा जास्तच होतं. कासला जायचंच, तर भल्या पहाटे घाट चढा.

– एक सातारकर