‘प्रायमरी दिसला की एसएन-टू’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या शिक्षणाच्या पानावर बारावी केमिस्ट्रीच्या ‘ट्रिक्स’ आल्या होत्या, त्यात हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जच्या अख्ख्या धड्याला एकच ओळ, प्रायमरी दिसला की एसएन-टू, टर्शरी दिसला की एसएन-वन, झालं. (हॅलोजन बसलेल्या कार्बनला दुसरा एकच कार्बन जोडलेला तर प्रायमरी, दोन तर सेकंडरी, तीन तर टर्शरी; हॅलोजन जाऊन त्याच्या जागी दुसरा गट येण्याचे दोन रस्ते म्हणजे एसएन-वन आणि एसएन-टू.) मी ज्युनिअर कॉलेजला हेच शिकवते, राहवलं नाही म्हणून लिहितेय.

ट्रिक अगदीच खोटी नाही, सरळ उदाहरण आलं तर मार्क मिळतील. पण पेपर काढणारे इतके साधे नसतात हो, ते हळूच निओपेंटाइल ब्रोमाइड टाकतात. कागदावर प्रायमरीच, पण शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल ठाण मांडून बसलेत, न्यूक्लिओफाइलला (हॅलोजनची जागा घ्यायला येणाऱ्या गटाला) मागून शिरायला जागाच नाही, त्यामुळे एसएन-टूचा रेट इथाइल ब्रोमाइडपेक्षा लाखभर पटीने कमी. बेंझिल क्लोराइडही प्रायमरी, पण ते दोन्ही रस्त्यांनी जातं कारण कार्बोकॅटायन (हॅलोजन निघून गेल्यावर उरणारा पॉझिटिव्ह चार्जचा कार्बन) झालाच तर त्याचा चार्ज शेजारची बेंझीन रिंग वाटून घेते. आणि सेकंडरीचं काय? तिथे ट्रिक गप्प! तिथे सॉल्व्हंट कुठला, न्यूक्लिओफाइल किती तगडा हे बघावंच लागतं.

खरा प्रश्न एवढाच की जुना बाँड आधी तुटतो (एसएन-वन) की नवा जुळता जुळता तुटतो (एसएन-टू). टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडमध्ये ब्रोमाइड आधीच निघून जातो, मागून कोण येतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून हायड्रॉक्साइड दुप्पट केलं तरी रेट ढिम्म हलत नाही. मिथाइल ब्रोमाइडला तेच केलं तर रेटही दुप्पट. १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ह्यूज आणि इंगोल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी अशाच मोजमापांवरून हे सगळं बसवलं. वन आणि टू म्हणजे रेट ठरवणाऱ्या स्टेपमध्ये किती रेणू भाग घेतात तो आकडा, आमची मुलं मात्र त्यालाच स्टेप्स समजतात आणि एसएन-वनला दोन स्टेप्स दिसल्या की गोंधळतात.

एसएन-टूमध्ये रेणू वाऱ्यातल्या छत्रीसारखा उलटा होतो (यालाच इन्व्हर्जन म्हणतात), हे छत्रीचं उदाहरण सगळेच देतात, पुरावा मात्र कोणी सांगत नाही, आणि तो इतका झकास आहे! १९३५ मध्ये ह्यूज यांच्या गटाने ऑप्टिकली अ‍ॅक्टिव्ह २-आयोडोऑक्टेन (म्हणजे पोलराइज्ड प्रकाशाची दिशा फिरवणारं, हे फिरवणं म्हणजे रोटेशन) घेतलं आणि अ‍ॅसिटोनमध्ये रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडाइडबरोबर ठेवलं. आयोडीन जाऊन आयोडीनच येतं, म्हणजे वरवर काहीच बदललं नाही, पण रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीवरून किती रेणूंत अदलाबदल झाली ते कळतं आणि रोटेशनवरून किती उलटले ते. रोटेशन कमी होण्याचा वेग अदलाबदलीच्या बरोब्बर दुप्पट निघाला. का, तर एक रेणू उलटला की तो न उलटलेल्या एकाचं रोटेशन खाऊन टाकतो, म्हणजे एकाच्या बदलीत दोघांचा हिशोब संपतो. म्हणजेच प्रत्येक बदलीला इन्व्हर्जन, एकही सुटत नाही. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पेन खाली ठेवून ऐकतात.

आणि लॅबमध्ये करण्यासारखं पण आहे. सोडियम आयोडाइड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, सोडियम ब्रोमाइड विरघळत नाही. त्या द्रावणात १-ब्रोमोब्युटेनचे दोन-चार थेंब टाका, थोड्या वेळात पांढरा साका येतो, टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड मात्र तिथे तसंच बसून राहतं. आता अल्कोहोलमधलं सिल्व्हर नायट्रेट घ्या, पारडं उलटतं, टर्शरीवाल्याचा साका लगेच, प्रायमरीला वाट बघायला लावतं. चार टेस्टट्यूबमध्ये दोन्ही मेकॅनिझम डोळ्यासमोर, आयोडाइडमध्ये एसएन-टू, सिल्व्हर नायट्रेटमध्ये एसएन-वन! सिल्व्हर नायट्रेट महाग आहे मान्य, पण लागतं थेंबभर, (बोटं काळी होतात, ग्लोव्ह्ज घाला) आणि अ‍ॅसिटोन असल्यामुळे त्या दिवशी बर्नर पेटवायचा नाही.

पोर्शन संपवायची घाई आम्हालाही असते, क्लासवाल्यांना तर विचारूच नका. तरी ट्रिक छापायचीच असेल तर तिच्याखाली निओपेंटाइल आणि बेंझिलचा अपवाद तरी द्या, आणि जमलं तर एखाद्या रविवारी या चार टेस्टट्यूबचे फोटो छापा, फोटो आणि मजकूर मी पाठवते, मानधन नको.

आपली,
केमिस्ट्रीची एक शिक्षिका, सांगली