क्षेत्रभेट वर्गातच उरकू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांच्या मुलाखती छापून येतात आणि त्यांत ‘आवडता विषय कोणता’ हा प्रश्न हमखास असतो. उत्तर बहुधा गणित किंवा विज्ञान असते, कधी संस्कृत असते. भूगोल असे उत्तर मी तरी क्वचितच वाचले आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत हाच विषय शिकवून निवृत्त झालो असल्याने मला त्याचे थोडे वाईट वाटते. पण हे पत्र त्या रुसव्यापोटी लिहिलेले नाही. शाळेत आवडलेला विषय पुढे माणसाच्या आयुष्यात कोणत्या रूपाने टिकतो आणि कशामुळे टिकतो, याचा विचार गुणपत्रिकेच्या बाहेर जाऊन व्हावा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आपल्या वाचकांना आठवत असेल की, २३ मार्च २०२० रोजी व्हायचा दहावीचा भूगोलाचा पेपर करोनाच्या साथीमुळे आधी लांबणीवर पडला आणि एप्रिलमध्ये तो रद्दच करण्यात आला. त्या ४० गुणांच्या जागी इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. त्या दिवसांत याहून वेगळा निर्णय घेणे परीक्षा मंडळाला शक्य नव्हते आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मात्र त्यानंतर कित्येक दिवस मोबाइलवर जे विनोद फिरत होते, त्यांवरून या विषयाची समाजात काय पत आहे ते कळले. पेपर झाला नाही म्हणून कुणाचे काही अडले नाही, कुणाला चुकल्यासारखेही वाटले नाही. गणिताचा पेपर असा राहिला असता तर पालकांनी तो इतका हसतखेळत सोडून दिला असता, असे मला वाटत नाही.

गुणांचा आणि आवडीचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. संस्कृत हा ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून घेतला जातो, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव गुण मिळतात आणि शेवटचा पेपर झाल्यावर पुस्तके रद्दीत जातात. पुढे आयुष्यभर सुभाषिते वाचणारे आणि त्यांत रमणारे निघतात, पण ते थोडेच. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचेही तेच. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून कितीतरी मुले त्या देतात, पण त्यांपैकी किती जण नोकरीला लागल्यावर हातात पेन्सिल धरतात, हे ज्याने-त्याने आपल्या ओळखीपाळखीत पाहावे. याउलट भूगोलात काठावर पास झालेली आणि तरीही पुढे त्यातच बुडालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हा विषय कोणत्या तासाला लागला, हेही मला बहुतेकांच्या बाबतीत सांगता येईल.

तो तास टोपोशीटचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, टेबलावर पसरायचा आणि मुलांना भोवती उभे करायचे. निळ्या रंगात पाणी, हिरव्यात झाडी, पिवळ्यात शेती, तांबड्यात वस्ती आणि सगळीकडे पसरलेल्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, इतके सांगितले की पुरे होते. मुले पहिल्यांदा आपले गाव शोधतात, मग देऊळ, मग विहीर. त्यानंतर वाई आणि पाचगणी यांच्यामधला पसरणी घाट दाखवायचा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. दर २० मीटरला एक रेषा धरली तर मधल्या चढावर तीसेक रेषा येतात आणि त्या एकमेकींना अगदी खेटून असतात. ज्या मुलांनी या घाटात एस.टी.ची वळणे सोसलेली असतात, त्यांना ‘रेषा जवळ म्हणजे उतार तीव्र’ हे पाठ करावे लागत नाही. वरच्या टेबललँडवर मात्र रेषा एकदम नाहीशा होतात. तिथे जांभ्याचा सपाट थर आहे हे शिक्षकाने सांगण्याआधीच एखादी मुलगी विचारते, ‘सर, इथे छापायचं राहिलंय का?’ अशी शंका ज्या वर्गात निघते, तिथला विषय दहावीबरोबर संपत नाही.

आमच्या भागाला निसर्गाने आणखी एक धडा फुकट दिला आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून रस्त्याने ३२ किलोमीटरच्या आसपास असलेल्या वाईत तो हजार मिलिमीटरच्या आतच राहतो. पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा मुलूख, म्हणून राज्यभरातल्या मुलांनी पाठ केलेली व्याख्या आमची मुले पावसाळ्यात एका फेरीत अंगावर घेऊ शकतात. माझा एक जुना विद्यार्थी, जो अभ्यासात यथातथाच होता, आज शेती करतो आणि घराच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला वहीत नोंद करतो, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस त्याच वेळेला बदलतो. सुरुवातीला घरचे त्याला हसत. पुढे एका पावसाळ्यात अतिवृष्टीच्या मदतीचा विषय निघाला तेव्हा ती वही अख्ख्या वाडीने पाहिली. महसूल मंडळात, म्हणजे महसूल खात्याने एकत्र धरलेल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा निकष आहे. पण मंडळाचे यंत्र एका ठिकाणी असते आणि डोंगराळ मुलखात पाऊस एका खोऱ्यात कोसळतो तर शेजारच्यात नुसता शिंतडतो. त्याच्या वहीला सरकारदरबारी किंमत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होते. तरी आपल्या रानात पडलेला पाऊस आणि मंडळाचा आकडा यांत फरक का पडतो, हे तो जमलेल्या लोकांना ज्या पद्धतीने समजावून सांगत होता, ती पद्धत वर्गातली होती.

सगळ्यांची आवड अशी कामाची ठरेलच असे नाही आणि ठरावी असा आग्रहही नको. सह्याद्रीत भटकणाऱ्या हजारो तरुणांपैकी ज्यांना शाळेत भूगोल आवडलेला असतो, ते हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर फोटो काढून झाल्यावर कड्यातले लाव्ह्याचे थर मोजत बसतात, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, म्हणजे खडकात पडलेले रांजणासारखे खड्डे, पाहताना तळाशी फिरून फिरून गुळगुळीत झालेले गोटे शोधतात. लोणारला गेल्यावर बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्काघाताने कसे पडले, यावर गाडीत तासभर वाद घालतात. यातून पैसा मिळत नाही. प्रवासाचा खर्च मात्र वसूल होतो, असे मी गमतीने म्हणत असतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना भूगोल पुन्हा उघडावा लागतो, तेव्हा बहुतेकांच्या हाती नद्यांच्या आणि घाटांच्या याद्याच येतात. टोपोशीटभोवती उभे राहिलेल्या मुलांना त्या याद्या पाठ करायला कमी वेळ लागतो, इतका फरक मी पाहिला आहे.

आता शाळांकडे वळतो. बालभारतीचे दहावीचे भूगोलाचे पुस्तक वाईट नाही, उलट बरेच चांगले आहे. भारत आणि ब्राझील यांची शेजारी-शेजारी मांडणी करून शिकवण्याची त्याची कल्पना मला मनापासून आवडते. त्यातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणे, या नावाचा आहे. हा पाठ बहुतेक शाळांत बाकावर बसून शिकवला जातो. क्षेत्रभेटीला जाताना सोबत काय घ्यावे, तिचे महत्त्व काय, प्रश्नावली कशी तयार करावी, यांची उत्तरे मुले गाइडमधून उतरवून घेतात, परीक्षेत पूर्ण गुण मिळवतात आणि शाळेच्या फाटकाबाहेर एकदाही जात नाहीत. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, परंतु इतिहास आणि भूगोल एकाच शिक्षकाकडे असणे, त्याने पदवीला दोन्हींपैकी एकच विषय घेतलेला असणे किंवा एकही नसणे, अभ्यासक्रम मार्चच्या आत संपवण्याची घाई आणि सहलींतल्या अपघातांनंतर कडक झालेले परवानगीचे नियम, ही सगळी कारणे खरी आहेत. वर्षाकाठी निघालीच सहल तर ती वॉटर पार्कला जाते.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. क्षेत्रभेटीला बस लागत नाही. गावचा ओढा, आठवडी बाजार, नळाला पाणी जिथून येते ती टाकी आणि त्या टाकीत पाणी जिथून येते तो तलाव, यांपैकी एक ठिकाण प्रत्येक शाळेच्या चालण्याच्या अंतरात असतेच. बाजारात भाजी विकायला आलेल्या बाईंना ‘तुम्ही कुठून आलात’ एवढे विचारून आलेली गावे नकाशावर मांडली की त्या बाजाराचे क्षेत्र आपोआप कागदावर उमटते. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारती जिल्हावार काढते, ही मोठी सोय आहे; तेच पुस्तक हाताशी ठेवून नववी-दहावीच्या मुलांनी त्यातला एखादा नकाशा आजच्या स्थितीप्रमाणे दुरुस्त करावा. सर्वेक्षण विभागाचे नकाशे पूर्वी मिळवायला खेटे घालावे लागत, आता ते इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. गावचा एक नकाशा मोठा छापून भिंतीवर लावायला फार खर्च येत नाही. या कामांना गुण मात्र ठेवू नयेत, अशी विनंती आहे. गुण ठेवले की दुसऱ्याच वर्षी त्यांचेही गाइड निघेल.

पर्जन्यमापक विकत घेता आला तर उत्तम. नाहीतर तळापासून तोंडापर्यंत सारख्याच व्यासाचे, सपाट तळाचे काचेचे भांडे, एक मोजपट्टी आणि झाडांपासून व भिंतींपासून दूर अशी मोकळी जागा यांवर सुरुवात करता येते, कारण अशा भांड्यात साचलेल्या पाण्याची मिलिमीटरमधली उंची हाच पाऊस असतो. साडेआठची नोंद घ्यायला शाळेजवळ राहणारी दोन मुले लागतात आणि अनुभव असा आहे की, या कामाला मुले आपणहून पुढे येतात. दिवाळीच्या सुट्टीत ही नोंद कोण घेणार, तेवढे शाळेने आधी ठरवून ठेवावे, कारण परतीचा पाऊस कधीकधी नेमका त्याच दिवसांत येतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
वाई, जि. सातारा