छकुलीची शाळा बघायला जाण्याआधी

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रोडवरच्या दोन शाळांची माहितीपत्रकं तू पाठवलीस, ती आईने आणि मी बसून वाचली. वर्गात एसी, डिजिटल बोर्ड, तीस मुलांमागे एक शिक्षक. वाचून बरं वाटलं. आमच्या वर्गात साठाच्या वर मुलं असत, एका बाकावर चौघं. मागच्या बाकावरच्याला फळा धड दिसत नसे. हृदयाचे कप्पे आम्ही खडूच्या आकृतीवरून घोकले. छकुलीला रक्त कुठून कुठे जातं ते हलताना दिसेल. विज्ञान असं शिकायला मिळालं असतं तर किती मजा आली असती!

सगळ्यात मोठा बदल मात्र माहितीपत्रकात नाही. आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. पाढे त्याला यायचे, पण तोंडातून लवकर निघायचे नाहीत, आणि हातावर छडी बसायची. सातवीत त्याने शाळा सोडली. छडीनेच आम्ही घडलो असं म्हणणारे माझ्या वयाचे पुष्कळ भेटतात. मला ते कधीच पटलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, कलम १७ मध्ये, मारण्यावर आणि मुलांच्या मानसिक छळावरही बंदी घातली. आजच्या वर्गाचं मला सर्वांत जास्त कौतुक आहे ते यासाठी.

तरीही त्या दाटीच्या बाकावरची एक गोष्ट छकुलीला मिळावी असं फार वाटतं. तुझे आजोबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. माझ्या बाकावर चेंदणी कोळीवाड्यातला एक, एका डॉक्टरांचा मुलगा आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा. चौघांकडे बालभारतीचं तेच पुस्तक, कुणाचं कोरं, कुणाचं वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेलं. डब्यात जवळ्याची चटणी, साबुदाण्याची खिचडी, कुणाची नुसती चपाती आणि गूळ. तेव्हा भेदभाव नव्हता असं मी म्हणणार नाही. काही घरांत मित्राला पाणी वेगळ्या पेल्यातून मिळायचं, ते मी पाहिलंय. पण गणित अडलं की डॉक्टरांचा मुलगा त्या मावशींच्या मुलाकडेच वही घेऊन जायचा. कोण हुशार आणि कोणाकडे पैसे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता मुलं फीप्रमाणे आधीच वेगळी होतात. त्याच कायद्यात त्यावर थोडा उपाय आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी, अल्पसंख्याक संस्थांच्या सोडून, प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. निकाल वाचून मला मनापासून आनंद झाला. काही पालक या मुलांमुळे ‘वातावरण बिघडतं’ म्हणतात. तू त्यांच्यातला होऊ नकोस.

म्हणून शाळेत गेलास की एसीचं नंतर बघ. त्या २५ टक्के जागांवर सोडतीतून आलेली मुलं सगळ्या तुकड्यांत मिसळून बसतात का, ते विचार. सहलीला, स्नेहसंमेलनाला ती असतात का? पैसे भरता आले नाहीत म्हणून कुणी घरी राहतं का? बाई उत्तर कोणाला विचारतात, पुढच्या दोन बाकांनाच की मागेही, हे वर्गाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहिलास तरी कळेल. जमलं तर मधल्या सुट्टीच्या सुमारास वेळ माग, म्हणजे कोण कुणाबरोबर डबा खातं तेही दिसेल.

शनिवारी जाणार असशील तर मीही येतो. आईने छकुलीसाठी बेसनाचे लाडू केलेत, ते घेऊन येईन.

तुझे,
बाबा