सूक्ष्म प्लास्टिकचा आकडा छापताना नमुन्याची कृतीही छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाण्यातल्या सूक्ष्म प्लास्टिकची बातमी आली की लिटरमागे किती कण सापडले हा आकडा ठळक अक्षरांत असतो. पाणी कशातून गाळले, कण कशावर ठेवून मोजले, कोरा, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्याचा, नमुना लावला होता का, यावर मात्र एक ओळही नसते. इंदूरकरांना ही ओळ मिळायला हवी. कान्ह नदीचा गाळ आपल्या दारात आहे, नर्मदेचे पाणी नळाला आहे, आणि कणाने कोणते अवरक्त किरण शोषले यावरून त्याचे प्लास्टिक ओळखणारे अवरक्त सूक्ष्मदर्शनही इथेच होते. कॅटमध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तेजस्वी प्रकाश मिळवणाऱ्या यंत्रावर, अवरक्त किरणांची वेगळी बीमलाइन (प्रकाश प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे. यंत्र आहे, पण त्याखाली ठेवायचा नमुना नीट बनवण्याची साधने आणि सवय कमी पडते.

सुरुवात गाळापासून करू. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२ असते. त्यात पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन वर तरंगतात. पाण्याच्या बाटलीचे पॉलिएस्टर (घनता सुमारे १.३८) आणि पाइपांचे पीव्हीसी (सुमारे १.४) तळाशीच राहतात. मग अहवालात 'पीव्हीसी आढळले नाही' असे येते, कारण ते गाळाबरोबर फेकलेले असते. झिंक क्लोराइडचे १.६ घनतेचे द्रावण घेतले की दोन्ही वर येतात. ते महाग आणि त्रासदायक आहे हे खरे, तरी नुसत्या मिठावर भागत नाही. पुढे सेंद्रिय घाण जाळायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे आणि तापमान ६० अंशांच्या आत ठेवावे. नायट्रिक आम्ल टाळावे, त्यात नायलॉन विरघळते.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. विद्यार्थी नमुना साध्या काचेच्या स्लाइडवर आणतात. डोळ्यांना पारदर्शक असलेली काच अवरक्ताला साधारण २५०० प्रति सेंटीमीटरच्या (एका सेंटीमीटरमध्ये बसणारे तरंग; पुढचे पट्ट्यांचे आकडेही याच मापात) खाली भिंतीसारखी आडवी येते. प्लास्टिकची ओळख पटते ती याच खालच्या भागात: पॉलिएस्टरचा कार्बोनिल पट्टा, म्हणजे त्यातल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या शोषणाची खूण, १७२० च्या आसपास, नायलॉनचा १६४० ला, पॉलिस्टायरीनचा १६०० ला. म्हणून खिडकी, म्हणजे नमुना ठेवायची पारदर्शक चकती, वेगळ्या पदार्थाची लागते. कॅल्शियम फ्लोराइड साधारण १००० पर्यंत चालते, बेरियम फ्लोराइड ८०० पर्यंत. झिंक सेलेनाइड ६०० च्याही थोडे खाली जाते, पण त्याच्या पृष्ठभागावरून बराच प्रकाश परत फिरतो आणि त्यावर ओरखडे लवकर पडतात. पोटॅशियम ब्रोमाइड ४०० पर्यंत उत्तम, पण ओलसर बोट लागले तरी धुरकट होते. गाळण्यासाठी सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फिल्टर १२५० च्या खाली काहीच दाखवत नाही.

याचा परिणाम बघा. पॉलिथिलीनचा ७२० चा पट्टा बेरियम फ्लोराइडवरही दिसत नाही. हातात ठळक असे उरतात २९१५ आणि २८४८ चे दोन पट्टे. नेमके हेच दोन पट्टे रबरी हातमोज्यांवरून गळणाऱ्या स्टीअरेट या साबणासारख्या पदार्थाचेही असतात. स्टीअरेटचा १५४० ते १५८० मधला पट्टा पाहिला नाही, तर हातमोज्याचा साबण पॉलिथिलीन म्हणून मोजला जातो. हातमोजे आधी धुवावेत, अंगात सुती कोट घालावा. सुती धागा पडला तरी तो सेल्युलोज म्हणून ओळखता येतो, पॉलिएस्टरचा पडला तर तो नदीचा की अंगावरचा हे कोणी सांगू शकत नाही. शुद्ध पाणी त्याच कृतीतून नेऊन केलेला कोरा नमुना यासाठीच असतो.

दुसरी मोठी गोष्ट जाडीची. १०० मायक्रॉनचा तुकडा आरपार मोजला तर मोठ्या पट्ट्यांपाशी प्रकाश पोहोचतच नाही, पट्ट्यांचे माथे सपाट होतात आणि वर्णपट जुळवून पाहणारी संगणकातली यादी भलतेच नाव सुचवते. नमुना १० ते २० मायक्रॉनचा हवा. मायक्रोटोमने काप घ्यावा किंवा हिऱ्याच्या दाबपेटीत कण चपटा करावा. दाबल्यावर वरचा हिरा काढून टाकावा आणि नमुना एकाच हिऱ्यावर ठेवून मोजावा. दोन हिऱ्यांमध्ये प्रकाश मागे-पुढे होऊन वर्णपटात लाटा उठतात त्या टळतात. हिरा स्वतः १९०० ते २३०० मध्ये शोषतो, तेवढा भाग सोडून द्यावा. शेजारी पोटॅशियम ब्रोमाइडचा बारीक दाणा दाबून बॅकग्राउंड (तुलनेसाठीचा नमुन्याशिवायचा वर्णपट) तिथूनच घ्यावी.

गुळगुळीत पातळ फिल्मवरही लाटा येतातच. त्या उपयोगी पडतात: लाटांमधले अंतर २०० प्रति सेंटीमीटर आणि अपवर्तनांक १.५ असेल, तर जाडी १ भागिले (२ × १.५ × २००), म्हणजे १ भागिले ६०० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १७ मायक्रॉन. जाडी अशी टिपून घ्यावी आणि मग एक बाजू किंचित खरखरीत करून पुन्हा मोजावे.

काप घेता येत नसेल तर जर्मेनियमचा स्फटिक नमुन्यावर टेकवून मोजतात. तो जेमतेम पाऊण मायक्रॉन खोलीच पाहतो, त्यामुळे जाडीची अडचण राहत नाही, पण कणावर चढलेले शेवाळही तोच पाहतो. प्रत्येक कणानंतर स्फटिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रिकामा वर्णपट घ्यावा. नाहीतर आधीचा कण पुढच्या दहा नमुन्यांत सापडत राहतो.

इंदूरच्या पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. बाष्पाच्या बारीक रेषा १३०० ते २००० मध्ये दाटीने येतात, म्हणजे नायलॉन आणि पॉलिस्टायरीनच्या नेमक्या जागी. नमुना ठेवायच्या मंचाभोवती पेटी हवी आणि तिच्यात कोरडी हवा किंवा नायट्रोजन सतत वाहायला हवा. पेटी उघडली की मोजणीआधी १०-१५ मिनिटे थांबावे. वाकून नमुना पाहताना सोडलेला श्वाससुद्धा २३४९ ला उमटतो. खिडक्या सिलिका जेलसह डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात, ठेवाव्यात. प्रकाश टिपणारा शोधक द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलेला असतो. त्याच्या थर्मासची निर्वात पोकळी जुनी झाली की आत बर्फाचा पातळ थर साचतो आणि ३२०० च्या आसपास रुंद फुगवटा येतो. सकाळची बॅकग्राउंड मग दुपारी चालत नाही. ती दर तासाला नव्याने घ्यावी.

सिंक्रोट्रॉनचा प्रकाश तेजस्वी आहे, म्हणून १० मायक्रॉनच्या झरोक्यातूनही स्वच्छ वर्णपट मिळतो. पण १००० प्रति सेंटीमीटरला तरंगलांबीच १० मायक्रॉन असते, त्याहून बारीक कण शेजाऱ्यापासून वेगळा काढणे तिथेही अवघड. आणि जाड किंवा काचेवर चिकटवलेला नमुना तो प्रकाशही सुधारू शकत नाही. बीमलाइनची मिळालेली मोजकी वेळ अशा नमुन्यांवर जाते याचे फार वाईट वाटते.

विद्यापीठाने आणि शहरातल्या विज्ञान महाविद्यालयांनी मिळून नमुना तयार करण्याची एक खोली उभी करावी, ही आमची मागणी आहे. त्यात स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, टंगस्टनच्या सुया, मायक्रोटोम, दाबपेटी, तीन-चार प्रकारच्या खिडक्या, डेसिकेटर आणि धूळ रोखणारी हवेची पेटी असावी. अवरक्त सूक्ष्मदर्शकाच्या किमतीपुढे हा खर्च लहान आहे.

आणि आपल्या दैनिकाला विनंती, की कणांचा आकडा छापताना किती लिटर पाणी गाळले, सर्वांत लहान कोणता कण मोजला आणि कोऱ्या नमुन्यात किती कण निघाले हे विचारून छापावे. फिल्टरचा किती भाग प्रत्यक्ष पाहिला हेही विचारावे. २५ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर २० मायक्रॉनच्या पावलाने पूर्ण मोजायचा तर १२ लाखांवर बिंदू होतात, आणि एका बिंदूला १० सेकंद धरले तरी १४० दिवस लागतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक तुकडा मोजून गुणाकार केलेला असतो. तो कितीने केला, तेही बातमीत यावे.

आपले,
रसायनशास्त्र व भौतिकशास्त्राचे काही अध्यापक, इंदूर