त्या बेटावरची सफरचंदं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'द विकर मॅन' या १९७३ सालच्या ब्रिटिश चित्रपटावरून गेले तीन रविवार आपल्या पत्रव्यवहारात जे रण माजलंय, ते मी चहा गार होईपर्यंत वाचते आहे. एका बाजूला, असा भयपट पुन्हा झाला नाही म्हणणारे. दुसऱ्या बाजूला, दीड तास गाणी ऐकवली आणि शेवटी वेताच्या पुतळ्यात एक माणूस जाळला, एवढंच पदरात पडलं म्हणणारे. या दुसऱ्या मंडळींवर मला रागावता येत नाही. मुलाने पहिल्यांदा दाखवला तेव्हा तासाभराने मीच त्याला विचारलं होतं, "अरे, हा भयपट आहे की गॅदरिंग?"

भांडणातला थोडा भाग तर नुसत्या गैरसमजाचा आहे. सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिलेला नाही. शंभरेक मिनिटांचा मूळ चित्रपट वितरकांनी कापून सुमारे ८७ मिनिटांवर आणला आणि 'डोन्ट लुक नाऊ' या दुसऱ्या चित्रपटाच्या जोडीला दुय्यम खेळ म्हणून लावला. पुढे अमेरिकेत राहिलेल्या प्रतींवरून लांब आवृत्त्या जुळवल्या गेल्या, २०१३ साली आणखी एक आली. छोट्या आवृत्तीत सार्जंट हावीचं, म्हणजे हरवलेल्या मुलीच्या शोधात स्कॉटलंडच्या एका बेटावर आलेल्या कट्टर ख्रिस्ती पोलिसाचं, मुख्य भूमीवरचं आयुष्य जवळपास गायब आहे आणि बेटावरच्या त्याच्या दोन रात्रींची एकच रात्र झाली आहे. म्हणजे 'हावी नुसता ठोकळा वाटतो' असं लिहिणारे वाचक आणि 'हावीसाठी जीव तुटतो' असं लिहिणारे वाचक, दोघेही खरं बोलत असतील.

पण मला लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच मुद्द्यावरून. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: इथे जुना निसर्गधर्म आणि ख्रिस्ती धर्म समोरासमोर उभे आहेत, आणि आपण कोणाच्या बाजूचे ते ठरवायचं. एका पत्रात तर 'स्कॉटलंडची प्राचीन परंपरा' असे शब्द आहेत. चित्रपट नीट ऐकला तर त्यात तसं काही नाही. क्रिस्तोफर ली यांनी रंगवलेला बेटाचा मालक लॉर्ड समरआइल स्वतःच सांगतो की १८६८ साली त्याच्या आजोबांनी हे बेट घेतलं. आजोबा शेतीशास्त्रज्ञ. ज्वालामुखीची जमीन, भोवती गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं उबदार पाणी आणि चिवट मजूर, एवढं पाहून त्यांनी फळांची नवी वाणं लावायला घेतली. उपाशी, खचलेल्या लोकांना उभं करायला जुने देव परत आणले. आजोबांनी सोय म्हणून जे सुरू केलं, ते वडिलांनी प्रेमाने चालवलं. जेमतेम शंभरेक वर्षांचा मामला हा. मालकाने बागायतीसाठी देव बसवले आणि तिसऱ्या पिढीत ते लोकांच्या अंगात भिनले. (वेताच्या पुतळ्यात माणसं जाळण्याचा उल्लेख ज्युलियस सीझरचा आहे, आणि तो गॉलबद्दल, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्सबद्दल आहे, स्कॉटलंडबद्दल नाही. शिवाय सीझर गॉल जिंकायला निघालेला माणूस. शत्रूबद्दल तो काय लिहिणार?)

हे एकदा लक्षात आलं की कंटाळवाणे वाटणारे प्रसंग बोलायला लागतात. सफरचंदांसाठी नावाजलेल्या बेटावर हावी खाणावळीत जेवायला बसतो, तर पानात डबाबंद शेंगा आणि डबाबंद फळं. सफरचंद मागितलं तर, सगळी बाहेर पाठवली. भिंतीवर दर वर्षीच्या सुगीच्या उत्सवाचा एकेक फोटो, फक्त गेल्या वर्षीची जागा रिकामी. तेवढ्यात कोणीतरी गाणं सुरू करतं आणि आपणही मान डोलावून ते विसरतो. पहिल्या वेळी मीही विसरले होते.

शाळेतलं ते बाकही तसंच. हरवलेल्या मुलीच्या बाकाचं झाकण हावी उघडतो. आत एक खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला जिवंत भुंगा. भुंगा एकाच दिशेने गोल गोल फिरतोय आणि प्रत्येक फेरीत दोरा आखूड होतोय. शेजारची मुलगी शांतपणे समजावते की शेवटी तो खिळ्यालाच घट्ट चिकटणार. वर म्हणते, बिचारा. हावी चिडतो तो या 'बिचारा'वर. पुढचा सगळा चित्रपट त्या बाकात आहे, आणि मुलीच्या आवाजात दुष्टपणाचा लवलेश नाही. मला भीती वाटली ती तिथे, अगदी भरदिवसा.

एका वाचकाची तक्रार की झाडांवरचा मोहोर खोटा दिसतो. खोटाच आहे तो. गोष्ट १ मेच्या वसंतोत्सवाची, पण चित्रीकरण १९७२च्या ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दक्षिण-पश्चिम स्कॉटलंडमध्ये. झाडांना फुलं चिकटवली होती आणि बोलताना तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बर्फाचे तुकडे चोखत होते. दिग्दर्शक रॉबिन हार्डी यांची ती नाइलाजाची तडजोड होती, हे उघड आहे. तरी ज्या बेटाचा वसंतच ओढूनताणून आणलेला आहे, तिथे चिकटवलेला मोहोर मला खटकत नाही.

आणि शेवट. तो सांगायचा नसतो, पण पन्नास वर्षं उलटून गेलीत. पुतळ्याकडे नेत असताना हावी देवाचं नाव घेतोच, पण त्याआधी तो शेतीचं बोलतो. ही फळं या मातीतली नाहीत, वाणं खचली आहेत, मला जाळून काही उगवणार नाही. आणि पुढच्या वर्षीही पीक गेलं तर हे लोक तुमच्याहून मोठा बळी कुठून आणतील? समरआइल ठामपणे म्हणतो, पीक जाणार नाही. हे बोलताना ली यांचा चेहरा पाहा. क्षणभर तिथे फक्त बागायतदार उरतो, आणि त्याला हिशेब कळलेला असतो. मग पुन्हा गाणं.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत जुन्या चित्रपटाची शिफारस छापाल तेव्हा कोणती आवृत्ती आणि किती मिनिटांची, तेही कंसात द्यावं. निदान निम्मी पत्रं कमी येतील. आमच्या घरी ८७ मिनिटांची पाहून झाली आहे, लांब आवृत्ती या शनिवारी लावणार आहोत. मुलगा म्हणतो, गाणी पुढे ढकलायची नाहीत.

कळावे,
आपली एक वाचक