लाकडी घड्याळ उलटं करून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात कोणाला लाकडी घड्याळ भेट देऊ नये, पहिल्याच पावसाळ्यात ते वाकतं आणि बंद पडतं, त्यापेक्षा प्लास्टिकचं बरं, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे छापून आलं होतं. त्यांचा अनुभव खरा आहे. ‘बाय, ह्यां घड्याळ पावसात बंद पडता,’ असं म्हणत लोक अशी घड्याळं माझ्याकडे घेऊन येतात. वेंगुर्ल्यात आमचं सुतारकाम वडिलांपासूनचं. दारं-खिडक्या आता ॲल्युमिनियमच्या झाल्या, म्हणून मी लहान वस्तू करते आणि त्यात घड्याळंच जास्त. तरी लाकडाला दोष देण्याआधी ते घड्याळ भिंतीवरून काढून एकदा उलटं करून बघावं, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे.

बहुतेक वेळा पुढून ते आरशासारखं चकचकीत असतं. मागे करवतीचे वळ तसेच, पॉलिश पेपर फिरवलेला नाही, पॉलिशचा एक हातही नाही. बिघाड तिथून सुरू होतो. लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी ते हवेतली वाफ घेतं आणि सोडतं. ती घेताना फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. वीतभर रुंद फळी पावसाळ्यात एखाद-दोन मिलिमीटर सहज फुगते. पुढून पॉलिशने तोंड बंद केलेलं आणि मागून उघडं, तर मागची बाजू भराभर फुगते, पुढची मागे राहते, आणि फळीला बाक येतो. मग भिंतीवर ती हलते, चौकटीतून निसटू बघते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा ज्या फळीची एकच बाजू झाकली आहे, ती वाकणारच. आमचे बाबा म्हणायचे, ‘मागची बाजू गिऱ्हाईक बघना नाय, पाऊस बघता.’

पुष्कळदा गिऱ्हाईक मशीन गेलं म्हणून येतं आणि मशीन ठणठणीत असतं. तबकडीची फळी पिळवटली की एका बाजूला काट्याच्या टोकाला घासते, किंवा काटे एकमेकांत अडकतात. क्वार्ट्‌झच्या मशीनमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यातून सर्किट बरोबर एका सेकंदाची चाल काढतं. हिशोब इतका बारीक, पण काट्याला ढकलायची ताकद फारच थोडी, एका पेन्सिल सेलची. काट्याला जरा अडथळा झाला की संपलं. सेल उतरत आला की सेकंदाचा काटा नऊपाशी अडखळतो, कारण तिथे त्याला सगळं वजन वर उचलायचं असतं. तो नऊपाशी थांबला तर सेल बदलून बघावा. दुसरीकडेच कुठे थांबत असेल तर घड्याळ डोळ्यांच्या रेषेत आडवं धरून फळीचा बाक बघावा. खाऱ्या वाऱ्याने सेलच्या पत्र्यांवर गंज चढतो, तोही वरचेवर पुसून घ्यावा.

लाकूड घड्याळाला चालत नाही, हे मी मान्य करणार नाही. इंग्लंडमधला जॉन हॅरिसन सुताराचा मुलगा. बोटींना भर समुद्रात आपलं रेखांश कळावं म्हणून पुढे त्याने जी घड्याळं केली, त्यामुळे जगाला त्याचं नाव माहीत आहे. पण त्याची सुरुवातीची घड्याळं लाकडी होती. नुसती पेटी नव्हे, आतली दात्यांची चाकंसुद्धा ओकच्या लाकडाची. जिथे घर्षण होतं तिथे त्याने लिग्नम व्हायटी हे अंगचंच तेलकट लाकूड बसवलं, म्हणजे वेगळं तेल घालायला नको. ब्रॉकल्सबी पार्क इथलं त्याचं १७२२ च्या सुमाराचं घड्याळ आजही चालतं, आणि इंग्लंडची हवा काही कोरडी नाही. आपल्या घड्याळात तर चाकं लाकडाची नाहीतच. फक्त घर लाकडाचं आहे. तेवढं आपल्याला जमू नये?

फळी निवडताना मी फणस घेते. जुनं घर उतरवतात तेव्हा खांबांचे, दारांच्या चौकटींचे तुकडे जळणात जातात. ते मागून आणावेत. इतकी वर्षं घरात राहून ते मुरलेले असतात. ताज्या फणसाचा पिवळा रंग उजेडात राहून हळूहळू तपकिरी होत जातो. कोणताही रंग लावून ती छटा येत नाही. नवी फळी घेतलीच, तर इंचभर जाडीला वर्षभर सावलीत वाळवणं, हा जुना हिशोब धरावा. वाळलेली फळीसुद्धा कामाआधी काही आठवडे घरात ठेवते, आपल्या हवेला माणसाळू देते.

मशीन बसवायला मागे खाच काढावी लागते. मशीन साधारण ५६ मिलिमीटर चौरस असतं; मी खाच ६० ची घेते, म्हणजे पावसात लाकूड फुगलं तरी मशीन आवळत नाही. काटे ज्यावर बसतात त्या दांड्याचं भोक ८ मिलिमीटरचं. खाच पटाशीने इतकी खोल न्यायची की पुढे दांड्याचे आटे नट बसण्याइतके बाहेर येतील. नट बोटाने आवळून वर पान्याचा अगदी हलका झटका, पुरे. चौकट करायची असेल तर तबकडीची फळी तिच्यात गोंदाने चिकटवू नका. खोबणीत सैल बसू द्या, दोन्ही कडांना फुगायला जागा ठेवा. चिकटवलेली फळी फुगली की चौकटीचे कोपरे उघडते, आणि उन्हाळ्यात आकसली की स्वतः मधोमध तडकते.

आता पॉलिश. बाजारात ‘तेल लावलेलं नैसर्गिक लाकूड’ म्हणून खपवतात. बेलतेलाने, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाने, लाकूड सुंदर दिसतं, त्याबद्दल वाद नाही, पण ते वाफ अडवत नाही, आणि कच्च्या जवसाच्या तेलावर आपल्याकडे बुरशी धरते. काजूच्या टरफलाचं तेल वाशांना, होड्यांना लावतात, त्याने वाळवी दूर राहते. घड्याळाला मात्र कोणी लावू नये, कातडीला लागलं तर फोड येतात आणि घड्याळ तर हाताळायची वस्तू. वाफ खरोखर थोपवायची तर चपडा, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाख. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साठ-सत्तर ग्रॅम चपडा रात्रभर विरघळत ठेवावा, सकाळी फडक्याने गाळून घ्यावा. लागेल तेवढाच करावा, कारण महिनोन्‌महिने पडून राहिलेली लाख नीट सुकत नाही. काचेवर एक थेंब टाकून बघावा. दुसऱ्या दिवशीही नख रुतत असेल तर ती लाख टाकून द्यावी.

त्याआधी पॉलिश पेपर १२० नंबरचा, मग २२०, मग ३२० (नंबर मोठा तितका कागद बारीक), नेहमी तंतूंच्या दिशेने. २२० नंतर ओल्या फडक्याने फळी पुसली की दबलेले तंतू उभे राहतात. ती पूर्ण सुकली की ३२० ने ते काढायचे. हे केलं नाही तर लाखेचा पहिला हात पडताच सगळी फळी खरखरीत होते. फळीची कापलेली टोकं, जिथे तंतूंची तोंडं उघडी असतात, तिथून लाकूड सगळ्यात जास्त वाफ ओढतं. तिथे कागद ४०० पर्यंत न्यावा आणि लाखेचे दोन हात जास्त द्यावेत. मग पातळ-पातळ हात, पुढे जितके तितकेच मागे, मशीनच्या खाचेत आणि भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्याने लाख द्यायची, एका जागी थांबायचं नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि कामाची किंमतही इथेच ठरते.

लाखेचं काम डिसेंबर ते एप्रिल या दिवसांत करायचं. भर पावसात लाख लावली की पांढरट साय धरते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा हलका फिरवला की ती साय निघते, पण मुळात घाई कशाला? कोणी बेलतेल वापरलंच, तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

म्हणून माझी विनंती आहे. सुट्टीत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत आणि शाळांच्या शिबिरांत मुलांकडून दोन तासांत घड्याळ करून घेतात. रंग ओला असतानाच पिशवीत भरून घरी पाठवतात. मुलांनी हाताने घड्याळ करावं याचा मला फार आनंद आहे, पण ते पुरं करायला शिकवा. पावसाळ्यात शिबिर असेल तर मुलांना कापणं, घासणं, खाच काढणं शिकवावं, आणि लाखेचं काम डिसेंबर लागल्यावर करून घ्यावं. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार-कुंभारांकडे पाठवायचं म्हटलं आहे. आमच्यासारख्यांकडे ती मुलं यावीत. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंचं नाव देशभर आहे, तिथून पंधरा-वीस मैलांवर अर्धवट घड्याळं विकली जाऊ नयेत.

आणि प्रदर्शनात, बचत गटांच्या स्टॉलवर घड्याळ विकणाऱ्या सगळ्यांनी मागच्या बाजूला दोन ओळी लिहाव्यात: लाकूड कोणतं, आणि पॉलिश कोणत्या महिन्यात केलं. मी माझ्या प्रत्येक घड्याळावर लिहिते. गिऱ्हाइकाने विकत घेण्याआधी ते उलटं करून मागून बोट फिरवावं. खरखरीत लागलं तर परत ठेवावं आणि का ठेवलं ते विकणाऱ्याला सांगावं.

आपली,
सुतारकाम करणारी एक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग