पाच रुपयांत भाजी येत नाही, वेफर येतात

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आहारतज्ज्ञ मॅडमनी लिहिलंय की ताटात रोज पाच रंग पाहिजेत. बरोबरच आहे. मी गोवंडीत राहते आणि चेंबूरला दोन घरी स्वयंपाक करते, म्हणजे पाचही रंग रोज चिरते, फक्त ओटा दुसऱ्याचा असतो.

तिथे कोथिंबीर संपली की मोबाईलवर दहा मिनिटांत येते. आमच्याकडे संध्याकाळी सातला गाडीवर जे उरलंय ते, पालक असतो पण मान टाकलेला, आणि हातात रोजचे मोजकेच पैसे असल्यावर माणूस पावशेरच घेतो ना, फ्रीज नाही, मग किलोच्या भावाने बघितलं तर मला त्या चेंबूरच्या घरांपेक्षा महागच पडतं. गंमत म्हणजे मानखुर्दच्या पुढचं स्टेशन वाशी! अख्ख्या मुंबईची भाजी जिथे उतरते ते मार्केट खाडीपलीकडे, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर तिचा जीव गेलेला असतो.

रेशनला नावं ठेवत नाही. माणशी ५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट, त्याच्यावर तर घर चाललंय. पण ते तांदूळ-गहूच. डाळ-तेल आनंदाच्या शिध्यात १०० रुपयात मिळालं, ते पण सणाला. सण नसला की पोरांनी भात कशाशी खायचा? मग पोरगं पाच रुपये मागतं आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून वेफरचं पाकीट आणतं, ते मात्र प्रत्येक गल्लीत ताजं मिळतं बरं का.

माझ्या मुलीला सारखी चक्कर येते म्हणून दाखवलं तर हिमोग्लोबिन ९ निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, पालेभाजी, अंडी, खजूर, डाळिंब. डाळिंब वाचून पोरगी हसायलाच लागली. एकट्या तिचं नाही हे, सरकारच्याच २०१९-२१ च्या सर्वेत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे आणि पाच वर्षांखालच्या १०० पोरांत ३५ वयाच्या मानाने बुटकी आहेत.

शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं २०२३ ला, पोरं त्या दिवशी खाडा करायची नाहीत. जानेवारी २०२५ ला सरकारने सांगितलं की अंड्याचे पैसे आता लोकवर्गणीतून काढा. आमच्या वस्तीत वर्गणी कोण देणार, ज्याची पोरं ते अंडं खातात तोच ना?

शेतकरी आठवडे बाजार म्हणून सरकारने चांगलं काम काढलं, पण मी बघितले ते सगळे सोसायट्यांच्या बाजूला. एक आमच्याकडे भरवा, तोही पगाराच्या आठवड्यात, आणि डाळ दर महिन्याला रेशनवर द्या.

आणि मॅडमना निरोप द्या, पुढचा लेख लिहायच्या आधी एकदा संध्याकाळी सातला आमच्याकडे भाजी घ्यायला या, गाडीवर मी सोबत येते.

एक वाचक, गोवंडी